आयोडीन न्यूनता : प्रतिबंध, उपचार आणि मिठाचा कायदा

(रायपूर येथील तेलीबांधा भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषिक विद्यार्थ्यांपुढे एका वैद्यकीय अध्यापकाने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



येथून जवळच असलेल्या तेलीबांधा तलावाच्या काठाला रायपूरकर 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना या नावाचे हसू येते. कारण येथून जवळात जवळचा समुद्रदेखील चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. आजच्या विषयाची सुरुवात मला याच अंतरापासून करावयाची आहे.

पृथ्वीवरील आयोडीनचा मोठा साठा समुद्रात आहे. समुद्राच्या पृष्ठभागावरून ते हवेत जाते आणि पावसाबरोबर अत्यल्प प्रमाणात जमिनीवर उतरते. पण हाच पाऊस जमिनीवरचे आयोडीन धुऊनही नेतो. छत्तीसगडच्या मैदानावर पडलेले पाणी खारून नदीतून शिवनाथेत, शिवनाथेतून महानदीत आणि महानदीतून बंगालच्या उपसागरात जाते. पुरांनी आणि धूपेने जे वाहून जाते त्या मानाने परत येणारे फारच थोडे असते. हिमालयाच्या पायथ्याशी हिमनद्यांनी आणि पुरांनी हेच काम अधिक तीव्रतेने केले. म्हणून एकेकाळी आयोडीन न्यूनता हा केवळ 'हिमालयाच्या पट्ट्याचा' रोग समजला जात असे. पुढील सर्वेक्षणांत विंध्य-सातपुड्याचा परिसर, गुजरातमधील नर्मदेचे खोरे, महाराष्ट्रात तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा डोंगराळ भाग, अशा ठिकाणीही गलगंड आढळला, तेव्हा ही समजूत मागे पडली.

मातीतील उणीव

जमिनीत आयोडीन कमी असेल तर तेथील धान्यात, भाजीत, विहिरीच्या पाण्यात आणि तेथे चरणाऱ्या जनावरांच्या दुधातही ते कमीच असणार. छत्तीसगडला 'धानाचे कोठार' म्हणतात. परंतु भातात आयोडीन मुळातच थोडे. लोह कमी पडले तर पालेभाज्या खा, जीवनसत्त्व 'अ' कमी पडले तर पपई, गाजर खा, असे सांगता येते. आयोडीनच्या बाबतीत त्याच मातीत पिकलेले अन्न कितीही वाढवून खाल्ले, तरी उणीव भरून निघत नाही. या रोगाचा सुबत्तेशी संबंध आहे; पण तो इतकाच, की संपन्न कुटुंबाच्या ताटात दूरच्या प्रदेशातील अन्न येते आणि गरीब कुटुंब आपल्याच शेतातील अन्नावर जगते.

आता हे आयोडीन शरीराला कशासाठी लागते ते पाहू. गळ्यात श्वासनलिकेच्या पुढे फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड असते. तिचे वजन सुमारे 15 ते 20 ग्रॅम. ती दोन संप्रेरके तयार करते. थायरॉक्सिन अर्थात टी-4 च्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, तर टी-3 च्या रेणूत तीन. शरीरातील पेशींनी ऊर्जा किती वेगाने वापरावी, हाडे कशी वाढावीत आणि गर्भाचा मेंदू कसा घडावा, हे या संप्रेरकांवर अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस दररोज 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरेसे असते. पाच वर्षांखालील बालकास 90, सहा ते बारा वर्षांच्या मुलास 120, आणि गर्भवती व स्तनदा मातेस 250 मायक्रोग्रॅम लागते. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला, तर एका माणसाची एकूण गरज चार ग्रॅमपेक्षाही कमी भरते. म्हणजे जन्मभराला एक लहान चमचादेखील लागत नाही. अडचण अशी, की हा चमचा एकदाच देऊन मोकळे होता येत नाही. शरीराची साठवणूक मर्यादित आहे आणि जास्तीचे आयोडीन लघवीवाटे निघून जाते.

गाठ दिसते, हानी दिसत नाही

पुरेसे आयोडीन मिळाले नाही की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अधिक प्रमाणात टीएसएच सोडून अवटू ग्रंथीला चेतवत राहते. सतत चेतवली गेलेली ग्रंथी आकाराने वाढते आणि गळ्यावर गाठ दिसू लागते. हाच गलगंड. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे. हिंदी भाषिक प्रदेशात त्याला 'घेंघा' म्हणतात. गाठ दिसते, म्हणून शतकानुशतके वैद्यकाने आणि नंतर शासनानेही तिलाच रोग मानले. वास्तविक गाठ हा शरीराने स्वतःला वाचविण्यासाठी केलेला प्रयत्न आहे. खरी हानी, जिच्यामुळे हा विषय आरोग्याबरोबरच विकासाचाही ठरतो, ती गर्भाशयात होते.

गर्भाची स्वतःची अवटू ग्रंथी पहिल्या तीन महिन्यांच्या अखेरीस काम करू लागते आणि पुरेसे संप्रेरक तयार करण्यास तिला गर्भारपणाचा जवळजवळ निम्मा काळ जावा लागतो. तोपर्यंत मेंदूची जडणघडण आईच्या थायरॉक्सिनवर चालते. अनेक स्त्रियांना आपण गर्भवती आहोत हे कळून नाव नोंदवेपर्यंत या काळातील बराच भाग उलटून गेलेला असतो. या मुदतीत आयोडीनचा तीव्र अभाव असेल, तर मूल मूकबधिर, तिरळे, हातापायांत ताठरपणा असलेले आणि मतिमंद जन्मू शकते. यास 'क्रेटिनिझम' म्हणतात. पापुआ न्यू गिनी येथे 1966 पासून केलेल्या प्रयोगात काही कुटुंबांना आयोडीनयुक्त तेलाचे इंजेक्शन व काहींना साधे इंजेक्शन दिले गेले. गर्भधारणेपूर्वी आयोडीन मिळालेल्या मातांच्या मुलांत क्रेटिनिझम टळला. 'गर्भधारणेपूर्वी' या शब्दाखाली रेघ ओढून ठेवा. जन्मानंतर दिलेले आयोडीन हे नुकसान भरून काढत नाही.

तीव्र क्रेटिनिझम एखाद्या गावात दहा-पाच मुलांत असेल. त्याच गावातील बाकीची मुले चालतात, बोलतात, शाळेत जातात. पण अभाव गंभीर असलेल्या वस्त्यांतील मुलांचा बुद्ध्यंक सरासरीने सुमारे 13.5 गुणांनी कमी असल्याचे विविध देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसून आले आहे. अशा मुलाला कोणी रुग्ण म्हणत नाही. शिक्षक त्याला 'अभ्यासात मंद' म्हणतात, घरचे 'याचे डोके चालत नाही' म्हणतात, आणि तो पाचवी-सहावीत शाळा सोडतो. पूर्व उत्तर प्रदेशातील गोंडा, देवरिया या जिल्ह्यांत 1980 च्या दशकात नवजात अर्भकांच्या नाळेतील रक्त तपासले गेले. जगात सर्वसाधारणपणे तीन ते चार हजार अर्भकांमागे एकात आढळणारी अवटू-न्यूनता तेथे शंभरामागे कित्येक अर्भकांत आढळली. 1983 मध्ये बॅसिल हेट्झेल या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने 'आयोडीन न्यूनता विकार' ही व्यापक संज्ञा मांडली, आणि भारताने 1962 चा 'राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम' ऑगस्ट 1992 मध्ये 'राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम' या नावाने पुढे नेला. परीक्षेत हा नामबदल एका गुणाचा प्रश्न म्हणून येतो. त्यामागे विकाराकडे पाहण्याची दृष्टीच बदलली होती.

उपचारांच्या मर्यादा

गळ्यावर वीस-पंचवीस वर्षांची मोठी गाठ असलेली एक वृद्धा माझ्याकडे आली होती. "पुडीचे मीठ खाल्ल्याने ही विरघळेल ना?" असे तिने विचारले. तिला खरे उत्तर देणे मला जड गेले. शाळकरी मुलातील लहान, मऊ, एकसारखी वाढ आयोडीन मिळू लागल्यावर काही महिन्यांत, वर्षांत कमी होते. जुन्या, गाठीगाठींच्या गलगंडावर मिठाचा परिणाम होत नाही. श्वासनलिका किंवा अन्ननलिका दाबली जात असेल, वा कर्करोगाची शंका असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या अशा ग्रंथीला एकाएकी भरपूर आयोडीन मिळाले, तर काही वयस्कर रुग्णांत ती अतिक्रियाशील होऊन हृदयाची धडधड, वजनातील घट अशी लक्षणे उद्भवतात. टास्मानियात 1966 मध्ये पावात आयोडीन मिसळण्यास सुरुवात झाली, तेव्हा हा अनुभव आला. हा धोका काही काळाने ओसरतो. त्यासाठी संपूर्ण पिढीला आयोडीनपासून वंचित ठेवणे समर्थनीय नाही. पण तो नाहीच असे म्हणणेही बरोबर नाही.

संप्रेरकच कमी पडत असेल तर लिव्होथायरॉक्सिनची गोळी द्यावी लागते. ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची, मात्रा टीएसएच पाहून ठरवायची आणि स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. नवजात अर्भकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून अवटू-न्यूनता ओळखता येते. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर अशा मुलाची वाढ बहुतांशी सामान्य होते. गोव्याने 2008 मध्ये अशी तपासणी राज्यपातळीवर सुरू केली होती. देशभर ती अद्याप सार्वत्रिक झालेली नाही.

येथे एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. आज शहरांत 'मला थायरॉइड आहे' असे सांगणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना आयोडीनची कमतरता नसते. भारतातील आठ शहरांत केलेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांत अवटू-न्यूनता आढळली. तिचे मुख्य कारण शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला हे असते. अशा रुग्णाने आयोडीनयुक्त मीठ सोडण्याचे कारण नाही, आणि वाढवून खाल्ल्याने तो बराही होणार नाही.

कांगडा ते नागपूर

प्रतिबंधाचा मार्ग मात्र जुना आणि स्वस्त आहे. स्वित्झर्लंडने 1922 मध्ये मिठात आयोडीन मिसळण्यास आरंभ केला. मीठच का? ते गरीब-श्रीमंत सर्व खातात, रोज खातात, जवळजवळ सारख्याच प्रमाणात खातात आणि ते मोजक्याच ठिकाणी तयार होते. भारतात हे सिद्ध करण्याचे श्रेय डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाते. 1956 मध्ये त्यांनी हिमाचलातील कांगडा खोऱ्यात सुमारे एक लाख लोकवस्तीचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, मधल्या विभागाला साधे. आरंभी तिन्ही विभागांत सुमारे 40 टक्के मुलांना गलगंड होता. सहा वर्षांनी पहिल्या दोन विभागांत हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. मधल्या विभागात ते होते तेथेच राहिले. त्यानंतर त्यालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. मधल्या विभागातील लोकांनी ती सहा वर्षे कोणत्या किमतीवर काढली, हा प्रश्न आजची नीतिसमिती नक्कीच विचारील.

1962 चा कार्यक्रम याच निष्कर्षांवर उभा राहिला. पण वीस वर्षे तो रेंगाळला, कारण आयोडीनयुक्त मीठ तयारच अपुरे होत होते. 1980 च्या दशकात खाजगी उत्पादकांना परवानगी मिळाली, सर्वच खाद्य मिठाचे आयोडीनीकरण करण्याचे ठरले, आणि 1986 पासून टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली. नोव्हेंबर 1997 च्या अधिसूचनेने मानवी सेवनासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवर मे 1998 पासून देशभर बंदी आली. सप्टेंबर 2000 मध्ये केंद्राने ही बंदी उठविली. सक्तीपेक्षा लोकांची सुजाण निवड असावी, असा त्यामागील युक्तिवाद होता. दांडीयात्रेच्या देशात मिठावरील निर्बंधाला भावनिक विरोध होणे स्वाभाविकच होते, आणि लहान मिठागरवाल्यांची अडचणही खोटी नव्हती. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, 1 नोव्हेंबर 2000 रोजी, छत्तीसगड राज्य जन्मास आले.

परिणाम आकड्यांत पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 1998-99 च्या फेरीत पुरेसे आयोडीन असलेले मीठ 49 टक्के घरांत होते. 2005-06 च्या फेरीत 51 टक्के. सात वर्षांत दोनच टक्क्यांची प्रगती! नोव्हेंबर 2005 च्या अधिसूचनेने बंदी पुन्हा घालण्यात आली आणि 17 मे 2006 पासून ती लागू झाली.

तिला आव्हान देणारी याचिका 'अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट' या नागपूरच्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात केली. 4 जुलै 2011 रोजी निकाल लागला. भेसळ प्रतिबंधक कायद्याचा हेतू भेसळ आणि घातक अन्न रोखणे हा आहे. साधे मीठ भेसळीचे नाही की घातकही नाही. म्हणून या कायद्याखाली केलेला नियम 44-आय हा कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वेळी अनुच्छेद 142 चा आधार घेऊन हा नियम आणखी सहा महिने चालू ठेवण्याची मुभाही दिली, जेणेकरून शासनाला योग्य चौकट तयार करता यावी. 5 ऑगस्ट 2011 रोजी अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील विनियम अंमलात आले आणि विक्रीवरील निर्बंध त्यांत समाविष्ट झाला. या निकालाचे वाचन अनेकांनी 'न्यायालयाने आयोडीनयुक्त मिठाची सक्ती रद्द केली' असे केले. माझ्या मते ते अपुरे आहे. हेतू चांगला असला तरी अधिकार कोणत्या कायद्यातून येतो हे दाखवावे लागते, एवढेच न्यायालयाने शासनाला सांगितले. पोषणमान उंचावण्याचे कर्तव्य सांगणारा अनुच्छेद 47 आणि प्रत्यायोजित विधिनियमाची मर्यादा हे दोन्ही मुद्दे एकत्र अभ्यासण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

गोदामापासून ताटापर्यंत

देशातील बहुतांश मीठ गुजरातमध्ये पिकते. त्यावर पोटॅशियम आयोडेटचा फवारा दिला जातो, कारण दमट हवेत आयोडाइडपेक्षा आयोडेट अधिक टिकते. उत्पादनाच्या ठिकाणी दशलक्षात किमान 30 भाग आयोडीन असावे आणि ग्राहकाकडे पोहोचेपर्यंत ते 15 भागांखाली जाऊ नये, अशी मूळ योजना होती. मधली घट वाहतूक आणि साठवणीची समजून सोडून दिलेली. रायपूरला येणारे मीठ हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून येते. येथून पुढे बस्तरच्या आठवडी बाजारापर्यंतचा रस्ता आणखी लांब. जुन्या काळी लमाण-बंजारे बैलांच्या पाठीवर मीठ लादून या मुलखात आणीत आणि धान्य घेऊन परतत. समुद्रापासून दूर असलेल्या या जंगलपट्ट्यात मीठ इतके मोलाचे होते, की व्यापारी आदिवासींकडून मिठाच्या मोबदल्यात चारोळी घेत असत. त्या व्यवहारात कोण नागवला गेला हे सांगणे नको.

छत्तीसगड शासनाने 'अमृत नमक' योजनेतून गरीब कुटुंबांना 25 पैसे किलो दराने आयोडीनयुक्त मीठ देण्यास सुरुवात केली, पुढे ते मोफत केले. डिसेंबर 2012 मध्ये संमत झालेल्या राज्याच्या अन्न व पोषण सुरक्षा कायद्यात तांदळाबरोबर दरमहा दोन किलो आयोडीनयुक्त मिठाचाही हक्क आला. येथील श्रमिक सकाळी बासी खातो, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजविलेला भात, आणि त्यात 'नून' हवेच. रेशनचे मीठ त्या वाडग्यापर्यंत पोहोचले की आयोडीनही पोहोचते. मध्ये मात्र बऱ्याच गोष्टी घडू शकतात. पोते फाटते, ओल लागते, उघडे मीठ उन्हात राहते. खडे मीठ काही घरांत धुऊन वापरतात आणि त्या पाण्याबरोबर आयोडीनही जाते. अलीकडे मध्यमवर्गात सैंधवाची आणि गुलाबी मिठाची आवड वाढली आहे. उपवासाच्या दिवशी ते ठीक. पण रोजच्या स्वयंपाकात वापरायचे तर पाकिटावर आयोडीनचा उल्लेख आहे की नाही ते पाहावे.

आकडेवारी वाचतानाही सावध राहा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 94 टक्के घरांत आयोडीनयुक्त मीठ आढळले. 2018-19 च्या भारत आयोडीन सर्वेक्षणात पुरेसे आयोडीन असलेले मीठ 76.3 टक्के घरांत होते. विसंगती येथे नाही. पहिल्यात चाचणी द्रावाचा थेंब टाकून मीठ निळे होते का, एवढे पाहिले. दुसऱ्यात प्रयोगशाळेत प्रमाण मोजून 15 भागांची कसोटी लावली. म्हणजे जवळजवळ चौथ्या भागातील घरांत मीठ एकतर साधे होते किंवा नावापुरते आयोडीनयुक्त. न्यूनताग्रस्त जिल्ह्यांत आशा कार्यकर्तीने दरमहा 50 नमुने तपासावेत आणि त्यासाठी तिला 25 रुपये मिळावेत, अशी तरतूद होती. एका नमुन्यास पन्नास पैसे! कार्यक्रमाचे शेवटचे टोक कोणाच्या हातात आहे, हे त्यावरून लक्षात यावे.

शेवटी एका न सुटलेल्या प्रश्नाकडे वळतो. दशलक्षात 15 भाग हे प्रमाण माणूस दिवसाला 10 ग्रॅम मीठ खातो असे धरून बसते : 10 ग्रॅम मिठातून 150 मायक्रोग्रॅम. रक्तदाब आणि हृदयविकार टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना 5 ग्रॅमहून कमी मीठ खा असे सांगते. सर्वांनी हा सल्ला मानला, तर त्याच मिठातून 75 मायक्रोग्रॅमच मिळतील, आणि शिजविताना काही उडून जाईल ते वेगळेच. म्हणूनच संघटनेच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत 10 ग्रॅम सेवनासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅम, तर 5 ग्रॅमसाठी 39 मिलिग्रॅम आयोडीन सुचविले आहे. म्हणजे मीठ जसजसे कमी होईल तसतसे त्यातील आयोडीन वाढवीत न्यावे लागेल, आणि त्यासाठी लघवीतील आयोडीनची नियमित तपासणी हवी. ती शाळकरी मुलांपुरती करून भागणार नाही. त्यांच्यात लिटरमागे 100 मायक्रोग्रॅम पुरेसे मानतात, गर्भवतींत मात्र 150 लागतात. रक्तदाब वाढलेल्या गर्भवतीला मीठ कमी करायला सांगताना आम्ही डॉक्टर मंडळी हा हिशेब क्वचितच मांडतो. जे थोडे मीठ ती खाईल ते आयोडीनयुक्तच असावे, एवढे तरी तिला त्याच वेळी सांगितले पाहिजे. आता आपल्या चिठ्ठ्या घेऊ या.